पाणी न लागलेला खल

मित्रांनो, मला हात लावण्याआधी जरा थांबा. पळू नका, मी चावत नाही. चावायला दात लागतात, आणि दात असायला तोंड लागतं. मला नुसतं पोट आहे. मी एक जुना खल आहे. काळ्या दगडाचा, होडीसारखा लांबट, मधे खोल आणि दोन्ही टोकांना निमुळता. वलगावात एका कडुनिंबाखाली पडलेला असतो. मला भेटायला येणाऱ्याने आधी एक प्रश्न विचारावा, अशी माझी फार इच्छा असते. 'बाबा रे, तुझ्यात शेवटचं काय घोटलं होतं?' एका गुरुवारी सकाळी हा प्रश्न कोणी विचारला नाही, म्हणून तर ही गोष्ट घडली.

एक गोष्ट आधीच कबूल करतो. मी जन्माचा गप्पिष्ट आहे. अर्ध्या गोष्टी फुगवून सांगतो आणि उरलेल्या अर्ध्या जागच्या जागी बनवतो. तुम्ही म्हणाल, मग तुझं खरं ओळखायचं कसं? सोपं आहे. जिथे मी घाबरलेला दिसेन, तिथे समजा की हा खरं बोलतो आहे. थाप मारताना मला कधीच भीती वाटली नाही.

माझा जन्म मोर्शीकडच्या एका नाल्यात झाला. तिथे मी चांगला हत्तीएवढा दगड होतो. (बरं, म्हशीएवढा.) एके दिवशी एक पाथरवट आला, त्याने माझ्या अंगावर बोटाने रेघ ओढली आणि छिन्नी लावली. पहिला घाव बसला तेव्हाच मी घाबरलो, आणि ती भीती आजपर्यंत गेलेली नाही. लोक म्हणतात, दगडाला कसली भीती? अहो, माणूस भ्याला तर पळू शकतो. दगडाला जागीच बसून भ्यावं लागतं.

मला विकत घेतलं वलगावच्या एका माळ्याने, बाबाजींनी. वांगी, मेथी, झेंडू पिकवणारं हे घर होतं, पण बाबाजींना झाडपाल्याचं वेड. कुठल्या वेलीचं मूळ कशावर चालतं, हे त्यांना तोंडपाठ होतं. त्यांच्यामागून ती विद्या त्यांच्या मुलाकडे आली, आणि त्याच्याकडून त्याच्या सुनेकडे. ही सून म्हणजे मनकर्णाबाई. मी तिच्या हाती आलो तेव्हा तिचे केस काळे होते. ही गोष्ट घडली तेव्हा ते कापसासारखे झाले होते.

बाबाजींनी घराला दोन नियम घालून दिले होते. पहिला असा, की विषारी मुळी खलात घोटायची नाही. तिच्यासाठी परसात, गोठ्यामागे, वेगळा दगड होता. त्याला घरात सगळे 'विषाचा दगड' म्हणत आणि लेकरांना त्याच्याजवळ फिरकू देत नसत. दुसरा नियम, खलाला पाणी लावायचं नाही. औषध घोटून झालं की कडुनिंबाच्या कोरड्या पाल्याने आणि गोवऱ्यांच्या राखेने पुसायचं, बस्स. बाबाजींचा हातगुण दगडात मुरला आहे. पाणी लावलं तर तो नालीत वाहून जाईल, असं सगळे मानत.

मीही मानत होतो. का मानू नये? गावभर माझं नाव होतं. माझ्यात घोटलेल्या सुंठीचा नुसता वास घेऊन तिवश्याच्या पाटलाचा घोडा शिंकला होता. शिंक एवढी जबरदस्त, की घोडा तिवश्यातच राहिला आणि पाटील मोर्शीच्या बाजारात जाऊन पडला, तेही पागोट्यासकट. माझ्यातलं एक चिमूट चूर्ण विहिरीत पडलं, तर त्या विहिरीतला बेडूक बारा वर्षं म्हातारा झाला नाही. या गोष्टी लोक सांगत, आणि मी काळा कुळकुळीत होऊन ऐकत असे. 'तीन पिढ्या पाणी न लागलेला खल' म्हणून मला बघायला माणसं येत. फुशारकी फार वाईट, मित्रांनो. ती दगडालाही फुगवते.

घरात मनकर्णाबाईचा मुलगा शेषराव होता, सून पार्बता होती आणि सात वर्षांची नात शकुन होती. शकुन माझी खास मैत्रीण. मी रिकामा असलो की ती माझ्या काठावर बसायची आणि बत्त्याला चाबूक करून मला हाकायची. "चाल रे काया घोड्या, अमरावतीले चाल!" काया म्हणजे काळ्या. मी मनातल्या मनात अमरावतीला जाऊन येत असे.

मग तो कापसाचा काळ आला. तिकडे सातासमुद्रापार अमेरिकेत भाऊबंदकीचं युद्ध पेटलं. तिथला कापूस विलायतेला जाईना, म्हणून विलायतेचे डोळे आमच्या काळ्या मातीवर लागले. त्या वर्षी वलगावात एवढा कापूस झाला की कावळे पांढरे दिसू लागले. एक कावळा तर स्वतःला बगळा समजून पेढी नदीच्या काठी एका पायावर उभा राहिला आणि उपाशी मेला. जो तो कापूस पेरत सुटला. शेषरावानेही वांग्याची वाडी मोडली, झेंडू उपटला आणि कापूस लावला. बांधावरच्या कडुनिंबावर चढलेली गुळवेल 'सावली करते' म्हणून तोडून टाकली.

मनकर्णाबाई त्या तुटलेल्या वेलीजवळ कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "अरे, उद्या ताप आला तं कापूस चावशीन काय?"

शेषराव हसला. "माय, ताप येऊ दे, डाक्तर हाय ना आता."

डाक्तर खरंच होता. अमरावतीच्या दवाखान्यातून दर गुरुवारी नरहरपंत नावाचा एक तरुण डाक्तर दमणीत, म्हणजे हलक्या बैलगाडीत, बसून वलगावच्या चावडीवर यायचा. लेकरांना देवी काढायचा आणि तापकऱ्यांना कोयनेल द्यायचा. कोयनेल म्हणजे हिवतापावरचं विलायती औषध, इतकं कडू की पाजणाऱ्याचंही तोंड वाकडं व्हायचं. पंत पुण्याकडचा. आमच्याकडे म्हातारी माणसं लहानांना सरळ 'अरे-तुरे' करतात, हे त्याला ठाऊक नव्हतं. पहिल्याच दिवशी मनकर्णाबाईने त्याला "काहून रे, जेवला काय?" असं विचारलं, तेव्हा त्याचा चेहरा लिंबू पिळल्यासारखा झाला होता.

त्याच्याकडे पांढऱ्या चिनी मातीचा एक छोटा खल होता. प्रत्येक औषधानंतर तो खल गरम पाण्याने धुवायचा. मनकर्णाबाई मला काखेत घेऊन मुद्दाम ते बघायला जायची.

"रोज आंघोय घालते त्या भांड्याले! लेकरू हाय काय ते?"

"बाई, धुतलं नाही तर याचं औषध त्याच्या पोटात जातं," पंत म्हणायचा.

"माह्या खलाले तीन पिढ्या पाणी नाई लागलं. इचार गावाले, कोनी मेलं काय? तुह्या कोयनेलापेक्षा माह्या सागरगोट्यानं ताप लवकर पयते."

"पळतो खरा. पण तिसऱ्या दिवशी परत येतो."

"मंग तुह्या औषधाचा ताप काय लगन लावून सासरी जाते? तो बी येते."

चावडीवर हशा पिकायचा. पंतही हसायचा. तो वाईट माणूस नव्हता. त्याचा तो पांढरा खल मात्र माझ्याकडे असा बघायचा, की मी अंग आखडून घेत असे. मी मनात म्हणायचो, 'धुवून धुवून तुझा जीव पातळ होईल, लेका.' आता ते आठवलं की शरम वाटते.

इथून पुढे, मित्रांनो, माझी मीठमिरची संपली.

घरात कापूस मावेना. ओसरी भरली, माजघर भरलं, मग परस भरला. व्यापारी येईपर्यंत ढीग हलवायचा नव्हता. त्या ढिगाखाली गोठ्यामागचा विषाचा दगड गडप झाला. आणि नेमके त्याच दिवसांत गाडीवान रांग लावून दारात येऊ लागले. कापसाचे बोजे लादून अमरावतीच्या वाऱ्या करताना त्यांच्या कमरा मोडून आल्या होत्या. त्यांच्यासाठी मनकर्णाबाई एक लेप करायची. त्यात बचनाग लागायचा. बचनाग ही परमुलखातली काळपट मुळी, बाजारात जडीबुटी विकणाऱ्या गांध्याकडे मिळते. वरून चोळली तर ठणका मरतो. पोटात गेली तर माणूस.

"शेषा, थोडासा ढीग सरकव रे," ती म्हणाली. "मले दगड पायजे."

"ढीग मोडला तं कापूस मयते, माय. यापारी येऊन जाऊ दे, मंग हलवतो."

"लेप घोटाचा हाय मले."

"तं घोट ना तुह्या खलात. एक डाव घोटलं तं काय होते?"

तिने माझ्याकडे पाहिलं. बाहेर गाडीवान कण्हत होते, बैल घंटा वाजवत होते, कोणीतरी "बाई, आटप वं" म्हणून ओरडत होतं. तिने मुळी उचलली आणि माझ्या पोटात टाकली.

मी काय सांगू तुम्हाला! माझ्यात हळद घोटली होती, सुंठ घोटली होती, कडू चिराईत घोटलं होतं. पण ही मुळी बत्त्याखाली फुटली तेव्हा माझ्या पोटात मुंग्या आल्या. दगडाला मुंग्या! बारा माणसांचा लेप निघाला. मग तिने राख घेतली, पाला घेतला आणि मला पुसलं. एकदा पुसलं, परत पुसलं. "राखेनं सारं मरते," ती स्वतःशीच म्हणाली. पण माझ्या तळाशी पाथरवटाच्या छिन्नीची एक जुनी खाच आहे, केसाएवढी. तिथे तो लेप जाऊन बसला आणि वाळला. राख वरून फिरून गेली.

संध्याकाळी शकुन उड्या मारत आली. "काया घोड्या, चाल!"

"हात नोको लावू त्याले!" आजी एवढ्या जोरात ओरडली की पोरगी दचकली. मीही दचकलो. म्हणजे हिलाही माहीत आहे, मी मनात म्हटलं. मग ही मला धूत का नाही? घागर चार पावलांवर होती. पण तीन पिढ्यांचं नाव त्या चार पावलांच्या आड उभं होतं.

मी त्या दिवसापासून एकच प्रार्थना करत होतो. माझ्यावर धोंडा पडो, मी फुटो, चोर मला घेऊन जावो. पण दगडाचं कोण ऐकतं?

तिसऱ्या दिवशी, म्हणजे त्या गुरुवारी, पहाटे शकुनला थंडी वाजून ताप भरला. पार्बता घाबरली. मनकर्णाबाई घाबरली नाही. असले ताप तिने शेकड्यांनी उतरवले होते. तिने सागरगोटा भाजला, फोडला, आतला गर काढला आणि चार मिरे घेतले. माझ्यासमोर येऊन बसली.

मित्रांनो, मला तेव्हा ओरडायचं होतं. 'बाई, नको! पाटा घे, तवा घे, दोन हातांनी चोळ, पण मला नको!' मी सगळा जोर लावला. मला हलता येत असतं तर त्या दिवशी मी वलगाव सोडून पळालो असतो. बत्ता खाली आला. सागरगोटा बारीक झाला, मिरे बारीक झाले, आणि प्रत्येक फेऱ्याला त्या खाचेतलं थोडं थोडं सुटून वर येत होतं. मला ते कळत होतं. मला एकट्यालाच कळत होतं. तिने ते चूर्ण मधात कालवलं आणि पोरीच्या जिभेवर ठेवलं.

"चाट वं माही माय. शायनी पोट्टी ते."

शकुनने चाटलं. शहाणी पोर, तिने बोटसुद्धा चाटून पुसून घेतलं.

सूर्य कासराभर वर आला. शकुन उठून बसली आणि तोंडावर हात फिरवू लागली.

"आजी, माही जीभ झोपली."

"काय म्हन्लं?"

"जीभ झोपली. ओठ बी झोपून राहिले."

मनकर्णाबाईच्या हातातला पेला खाली पडला. जीभ झोपणं म्हणजे काय, हे त्या घरात फक्त तिला माहीत होतं. आणि मला. तिने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. तशी नजर मी आयुष्यात परत पाहिली नाही, आणि देव करो, दिसूही नये.

शकुन भडाभडा ओकली. हातपाय गार पडू लागले. कपाळावर घाम डवरला. शेषराव चावडीकडे धावत सुटला, आणि थोड्याच वेळात नरहरपंत आपली पेटी घेऊन दारात आला. त्याने जोडे काढले, पोरीजवळ बसला, मनगट धरलं आणि खिशातलं घड्याळ काढलं.

"ताप कधीपासून?"

"पाहाटपासून," पार्बता रडत म्हणाली.

"काही औषध दिलं होतं का?"

शेषरावाने आईकडे पाहिलं. मनकर्णाबाईने पदराचं टोक घट्ट धरलं होतं.

"काई नाई," ती म्हणाली. "पानी देल्लं."

मित्रांनो, मी जन्मभर थापा मारल्या. घोड्याची मारली, बेडकाची मारली, कावळ्याची मारली. पण या एका थापेची मला भीती वाटली. ती का खोटं बोलली, ते मला कळत होतं. गाव काय म्हणेल? आजीने नातीला विष घातलं. सरकार काय म्हणेल? शेषराव काय म्हणेल? ती भीतीने बोलली. भीतीने माणूस खोटं बोलतो. आणि मी, खोटा, भीतीने खरा झालो होतो. पण खऱ्याला जीभ नव्हती, आणि जिला जीभ होती ती गप्प होती.

"हिवतापाचा थंडीचा झटका दिसतो," पंत स्वतःशीच पुटपुटला. पण त्याची मुद्रा काही पटलेली दिसेना. "नाडी फार मंद आहे. थंडीतापात अशी नसते... कोयनेल देऊन बघतो." त्याने पेटी उघडली आणि कपाळावर हात मारला. सकाळी येताना रस्त्याच्या चाकोऱ्यांत त्याची दमणी आपटली होती आणि तो पांढरा खल फुटून त्याचे चार तुकडे झाले होते. गोळ्या मात्र शाबूत होत्या.

"अख्खी गोळी ही गिळणार नाही. बाई, तुमचा खल द्या."

मी भिंतीशी होतो. शेषरावाने मला उचललं आणि त्याच्यापुढे ठेवलं. पंताने दोन गोळ्या माझ्या पोटात टाकल्या. काळ्या दगडावर पांढऱ्या गोळ्या. एक गोळी गडगडत गेली आणि नेमकी त्या खाचेवर जाऊन थांबली. पंताने बत्ता उचलला.

मी डोळे मिटले. मला डोळे नाहीत, तरी मिटले.

बत्ता खाली आला. पण दगडावर दगड आपटल्याचा आवाज झाला नाही. काहीतरी मऊ चेचल्याचा आवाज झाला. मनकर्णाबाईने माझ्या पोटावर आपला हात आडवा घातला होता. बत्ता तिच्या बोटांवर बसला होता.

"बाई! काय करता हे?"

ती कण्हलीसुद्धा नाही. तिने हात तसाच माझ्यावर दाबून धरला.

"पंत, थांबा. तुमी थांबा." आजवर तिने त्याला कधी 'तुमी' म्हटलं नव्हतं. "याच्यात बचनाग होता. परवा लेप घोटला. राखेनं पुसला, धुतला नाई. आज याच्यातच पोरीचं औषध घोटलं. म्या. माह्या हातानं देल्लं."

शेषरावाची मूठ वळली. ती वर आली, आणि तिथेच थांबली. त्याने परसाकडे पाहिलं. तिथे तो पांढरा ढीग छपरापर्यंत उभा होता.

"ढीग म्या नाई हलवू देल्ला," तो म्हणाला आणि खाली बसला.

पंताने कोणालाच दोष दिला नाही. तेवढं त्याचं मोठेपण मी कधी विसरणार नाही. त्याने गोळ्या बाहेर फेकल्या आणि भराभर विचारू लागला. "किती दिलं? कधी? उपाशीपोटी? ओकली ती लगेच की उशिरा? जिभेला मुंग्या आल्या का?" आणि मनकर्णाबाई सांगू लागली. बोटावर मोजून, काहीही न लपवता, जीभ झोपल्याच्या शब्दापर्यंत. मी ऐकत होतो. तिला किती ठाऊक होतं! डाक्तराने एक विचारावं आणि तिने तीन सांगावं.

"ओकली हे बरं झालं," पंत म्हणाला. "कोयनेल आता अजिबात नको. ते दिलं असतं तर..." त्याने वाक्य पुरं केलं नाही. "हिला उठवू नका, सपाट निजू द्या. अंगावर घोंगडी घाला. हातपाय गरम राहिले पाहिजेत."

"सुंठ चोयू काय तयपायाले?" तिने विचारलं. चांगली पन्नास वर्षं औषध देणाऱ्या वैदीणीने तेव्हा पहिल्यांदा कोणाची परवानगी मागितली.

"चोळा. पण माझ्या ताटलीत घ्या."

मग ती दोघं बसली. एका मनगटावर पंताची बोटं, दुसऱ्या हातात घड्याळ. पलीकडच्या मनगटावर मनकर्णाबाईची न चेचलेल्या हाताची बोटं, आणि डोळे मिटलेले. पार्बता तळपाय चोळत होती. पंत मधूनमधून एका बाटलीतले थेंब द्यायचा. एकदा तो म्हणाला, "फार मंद झाली." ती म्हणाली, "मंद हाय, पन दोर तुटला नाई." एकदा ती म्हणाली, "पंत, मले लागून नाई राहिली नाडी," आणि त्याने घड्याळावरून नजर न काढता म्हटलं, "मला लागते आहे, बाई. बसा." दुपार झाली. चुलीवर काही शिजलं नाही. दारात जमलेले गाडीवान आपल्या कमरा धरून गुपचूप उभे होते, आणि एकही कण्हत नव्हता. मी कोपऱ्यात उपडा पडून होतो. मला वाटत होतं, ही पोर गेली तर मी जगातला सगळ्यात जुना खुनी होईन, आणि मला फाशीसुद्धा देता येणार नाही.

उन्हं कलंडली. गाई घरी येऊ लागल्या. शकुनने तोंड वेडंवाकडं केलं, ओठावरून बोट फिरवलं आणि चिमटा काढून पाहिला.

"आजी..."

"काय वं माय?"

"माही जीभ उठली."

पंताने घड्याळ खिशात टाकलं आणि भिंतीला टेकून डोळे पुसले. मनकर्णाबाई मात्र रडली नाही. ती उठली, मला काखेत घेतलं आणि घागर उचलली.

मित्रांनो, खल झाल्यापासून मला पहिल्यांदा पाणी लागलं ते तेव्हा. तुम्हाला वाटेल मला आनंद झाला असेल. छे! मी घाबरलो होतो. बाबाजींचा हातगुण जाणार, माझं नाव जाणार, मी साधा धोंडा होणार. ती मला पेढी नदीवर नेणार होती, पण वाटेतच थांबली. नदीचं पाणी गाव पितं. तिने पडीक जागेत खड्डा खणवला, घरून आणवलेलं गरम पाणी ओतून ओतून मला सात वेळा घासलं, आणि सगळं पाणी खड्ड्यात मुरवून वर माती लोटली. चेचलेल्या बोटाचं नख तोवर काळं पडलं होतं. ते पुढे कधी नीट आलं नाही.

"गेला काय गुन?" शेषरावाने हळूच विचारलं.

"गुन हाताले असते रे," ती म्हणाली. "दगडाले खाच असते."

पंत म्हणाला, दगड विष पितो, या खलात आता औषध नको. तिने ऐकलं. नवा खल आणला, आणि तो रोज धुतला, प्रत्येक औषधानंतर. कापूस विकल्यावर शेषरावाने आधी विषाचा दगड मोकळा केला आणि त्याच्याभोवती काट्यांचं कुंपण घातलं. पुढच्या गुरुवारपासून मनकर्णाबाई चावडीवर पंताशेजारी बसू लागली. चार गावची माणसं डाक्तरला सांगायची, "काई नाई खाल्लं." मग ती आपलं काळं नख त्यांच्यापुढे धरायची. "म्या बी असंच म्हन्लं होतं. बोल आता, काय चाटून आला?" आणि माणसं बोलायची. कोणाला चिराईताने बरं वाटायचं, कोणाला कोयनेलाने, आणि पुष्कळांना दोन्ही वेळेवर, विचारून घेतल्याने.

मला या कडुनिंबाखाली ठेवलं. शकुन मोठी झाली, सासरी तिवश्याला गेली. जाताना मला थोपटून म्हणाली, "बस आता, काया घोड्या." तेव्हापासून मी बसलो आहे. माझ्यात आता नुसतं पाणी असतं. कोणीतरी सकाळी भरतं, आणि पाखरं प्यायला येतात. माझी तेवढी एक विनंती आहे: मला रोज भरण्याआधी घासत जा. घरात कोणी आजारी पडलं, तर आजीने काय दिलं ते डाक्तरला सांगा आणि डाक्तरने काय दिलं ते आजीला सांगा. लाज वाटली तर दोन घोट पाणी पिऊन मग सांगा, पण सांगा.

आणि पहाटे इकडून जात असाल तर थोडं हळू चाला. तेव्हा पहिली चिमणी माझ्या काठावर येऊन बसते. ती मान वाकवते, चोच बुडवते, एकदा, दोनदा. इतकी वर्षं झाली, सात वेळा धुतलेला मी, पावसाने हजारदा धुतलेला मी, तरी दगड होऊन तिच्याकडे बघत राहतो. मग ती उडते. थेट शेंड्यावर जाऊन चिवचिवते.

तेव्हा कुठे माझी सकाळ होते.